अपूर्णांकाचा संबोध्य : रूपांतर-संहितांच्या इतिहासातील काही टप्पे

संख्येचे एक रूप सोडून तिला दुसरे रूप देणे ही क्रिया गणिताच्या इतिहासकारांच्या चांगल्या परिचयाची आहे. अर्ध्याचे ०.५ करावयाचे, पाऊण रुपयाचे बारा आणे करावयाचे, दोन पंचमांशांची मांडणी एक तृतीयांश अधिक एक पंधरांश अशी करावयाची. या क्रियेच्या सोबतीने जो मजकूर चालत आलेला आहे त्याच्याकडे मात्र गणिताचा अभ्यासक साधन म्हणून पाहतो आणि वाङ्मयाचा अभ्यासक बहुधा पाहतच नाही. कोष्टकाच्या माथ्यावरची सूचना, उदाहरणात योजलेले संबोधन, तळाशी दिलेला इशारा यांतून हा मजकूर घडतो. तो कोणाला उद्देशून लिहिलेला आहे, वाचकाला काय ठाऊक आहे असे तो गृहीत धरतो, आणि रूपांतर करताना जे हातातून निसटते त्याविषयी तो काय सांगतो, हे प्रश्न तौलनिक साहित्याच्या कक्षेतीलच आहेत.

हे प्रश्न आज नव्याने उभे राहण्यास एक निमित्त घडले आहे. अपूर्णांकाचे दशांशात व दशांशाचे अपूर्णांकात रूपांतर करणारा संगणकीय कार्यक्रम ही काही नवलाची वस्तू नव्हे. विद्यार्थीही तो लिहू शकतो. नवल आहे ते त्याच्या वर्णनाचे. भाषिक प्रतिमानांवर, म्हणजे ज्यांना इंग्रजी वळणाने ‘लँग्वेज मॉडेल’ म्हटले जाते त्यांच्यावर, चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंटां’साठी असे साधन उपलब्ध करून द्यावयाचे तर त्यासोबत एक छोटी संहिता द्यावी लागते. त्या संहितेत साधनाचे नाव, ते काय करते याचे दोनचार वाक्यांत निवेदन, त्याला काय पुरवावयाचे आणि त्याच्याकडून काय परत मिळेल, इतके असते. ओपनएआय या कंपनीने २०२३च्या जूनमध्ये आपल्या प्रतिमानांना अशी वर्णने वाचून बाहेरील साधने मागविण्याची सोय दिली. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने साधने व प्रतिमाने यांच्या जोडणीसाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला. या व्यवस्थेत वर्णन वाचतो तो माणूस नव्हे. प्रतिमान ते वाचते आणि त्या वाचनावरून हे साधन या प्रसंगी वापरावे की नाही, त्यात कोणता आकडा घालावा, हे ठरविते. प्रतिमानाची घडण शब्दानंतर शब्द सुचविण्याची असल्यामुळे त्याने मनातल्या मनात केलेला हिशेब चुकू शकतो. म्हणून त्याच्या हाती साधन द्यावयाचे. पण साधनाचे वर्णन संदिग्ध असेल तर चूक केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते.

‘एजंट’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे विम्याचा किंवा घरखरेदीतला मध्यस्थ उभा राहतो, आणि ही प्रतिमा अगदीच गैरलागू नाही. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा, पण त्या व्यवहाराचा तोटा स्वतः न सोसणारा, अशी व्यक्ती जुन्या पेढीवर मुनीम किंवा अडत्या या नावाने वावरत असे. मुनीमाच्या हाती द्यावयाच्या कोष्टकात काय लिहिलेले असावे हा प्रश्न त्या अर्थाने बराच जुना आहे.

त्याची एक अतिप्राचीन साक्ष इजिप्तमध्ये मिळते. अलेक्झांडर हेन्री ऱ्हाइंड याने १८५८ मध्ये लक्सर येथे विकत घेतलेला आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला गणिताचा पपायरस इ.स.पू. सुमारे १५५० मधील आहे. त्याच्या आरंभी लेखनिक आपले नाव देतो, आहमोस. अपोफिस राजाच्या तेहतिसाव्या वर्षी ही प्रत केली, असे तो सांगतो, आणि ती तिसऱ्या आमेनेमहेत राजाच्या काळातील जुन्या लेखनावरून उतरविली, असेही सांगतो. संहितेचा कर्ता, काळ आणि मूळ आधार तिघांचीही नोंद पहिल्याच ओळींत होते. आजच्या साधनवर्णनात आवृत्तीचा क्रमांक देण्याचा जो संकेत आहे तो या नोंदीचाच दूरचा वंशज मानता येईल.

इजिप्शियन लेखनिकाजवळ, दोन तृतीयांश या एका राशीचा अपवाद वगळता, अंशस्थानी एक असलेलेच अपूर्णांक लिहिण्याची मुख्य सोय होती. म्हणून दोनला विषम संख्येने भागले तर काय लिहावे याचे कोष्टक पपायरसच्या आरंभीच येते आणि ते १०१ या भाजकापर्यंत जाते. दोन सप्तमांश म्हणजे एक चतुर्थांश आणि एक अठ्ठाविसांश. दोन तेरांश म्हणजे एक अष्टमांश, एक बावन्नांश आणि एक एकशेचारांश. कोष्टकाच्या शेवटी दोन भागिले १०१ यासाठी चार पदे येतात, त्यांचे छेद अनुक्रमे १०१, २०२, ३०३ आणि ६०६. यातील प्रत्येक रूपांतर बिनचूक आहे. कोठेही काही सोडून दिलेले नाही. त्यापुढच्या उदाहरणांत दहा माणसांत पाव वाटण्याचे प्रश्न येतात. सात पाव दहा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन तृतीयांश आणि एक तिसांश. आधुनिक वाचकाला हे उत्तर विचित्र वाटते, कारण त्याच्या मनात ०.७ हे रूप आधीच तयार असते. पण पाव हातात धरून पाहणाऱ्याला तुकडे कसे पाडावयाचे ते या उत्तरातूनच कळते. आहमोसची भाषा द्वितीयपुरुषी आहे. अमुक कर, तमुक वेळा घे, आणि मग पडताळा घे. ज्याला सांगितले जाते तो शिकाऊ लेखनिक आहे आणि उद्या कोठारावर बसून तोच भाकरी व धान्य मोजून देणार आहे.

मेसोपोटेमियातील साठाच्या पटीवर आधारलेली व्यस्तांची कोष्टके याहून वेगळ्या स्वभावाची आहेत. त्यांत दोनपुढे तीस, तीनपुढे वीस, आठपुढे साडेसात असे व्यस्त दिलेले असतात. प्रमाण कोष्टकांत सहानंतर एकदम आठ येतो. सात गाळलेला असतो, कारण साठाच्या पद्धतीत त्याचा व्यस्त संपत नाही. जे नेमके सांगता येत नाही त्याविषयी मौन पाळणे हीही दस्तऐवजीकरणाची एक रीत आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’कडे (इ.स. ११५०) आले की या मजकुराला प्रथमच पूर्ण अर्थाने काव्याचे रूप मिळालेले दिसते. ग्रंथ सुरू होतो तो परिभाषेने. वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. ही यादी वाचक घाईने ओलांडतो. पुढे भिन्नांच्या प्रकरणात, ‘प्रभागजाती’ म्हणजे भागाच्या भागाची रीत सांगताना, एका कंजुषाचे उदाहरण येते. याचकाने पुष्कळ विनविल्यावर त्याने द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाचे तीन चतुर्थांश, त्याचा पंचमांश, त्याचा षोडशांश आणि त्याचाही चतुर्थांश दिला. तर वत्सा, त्याने किती कवड्या दिल्या ते सांग. सर्व भागांचा गुणाकार केला की एक भागिले बाराशे ऐंशी येतात. आणि परिभाषेप्रमाणे द्रम्माच्या कवड्याही बाराशे ऐंशीच होतात. त्या उदार पुरुषाने दिली ती एक कवडी. विनोद जमतो तो रूपांतरामुळे. द्रम्मातील भयंकर लांबलचक अपूर्णांक कवडीत आणल्याबरोबर ‘एक’ होतो, आणि हे ज्याने आरंभीची परिभाषा वाचली आहे त्यालाच कळते. परिभाषा न वाचता थेट साधन वापरणाऱ्या वाचकाला भास्कराचार्यांनी इतक्या सौम्यपणे दिलेली शिक्षा दुसरीकडे क्वचितच आढळेल.

‘लीलावती’तील संबोध्य बदलत राहतो. कधी ती मृगनयना बाला असते, कधी वत्स, कधी मित्र, कधी गणक. कन्या लीलावती आणि तिच्या हुकलेल्या विवाहमुहूर्ताची कथा लोकप्रिय झाली ती फैजीने १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेने केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून. म्हणजे ग्रंथातील व्याकरणिक संबोधनाला भाषांतरकाराने चरित्र पुरविले. तौलनिक अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे. पुढे १८१६ मध्ये जॉन टेलरचे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले, १८१७ मध्ये कोलब्रुकचे आले. तोवर हा ग्रंथ गणितशाळेचा न राहता प्राच्यविद्येचा झाला होता. महाराष्ट्रात त्याची शाळा एकेकाळी खरोखर होती. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याचा शके ११२८चा शिलालेख संस्कृतात असून अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. पेठेतील मालावरचे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद करताना लेखाने संस्कृत सोडून व्यवहाराची भाषा घेतली, ही गोष्ट सूचक आहे. हिशेबाचा वाचक बदलला की भाषा बदलते.

भास्कराचार्यांकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वर्तुळाचा परीघ व्यासावरून काढण्यासाठी त्यांनी दोन गुणोत्तरे दिली आहेत, ३९२७ भागिले १२५० आणि २२ भागिले ७. पहिल्याला त्यांनी ‘सूक्ष्म’ म्हटले, दुसऱ्याला ‘स्थूल’ आणि व्यवहारास योग्य. आकड्याबरोबर त्याच्या विश्वासार्हतेची पायरी आणि त्याचे वापरक्षेत्र एका श्लोकात सांगून टाकले.

मराठी भाषेने स्वतःच्या पोटात जे रूपांतर साठवून ठेवले आहे त्याची गोष्ट वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. पाऊण हा ‘पादोन’, म्हणजे चतुर्थांशाने उणा. सव्वा हा ‘सपाद’, साडे हा ‘सार्ध’. अडीच हा ‘अर्धतृतीय’, म्हणजे ज्यातील तिसरा अर्धाच आहे असा. आणि साडेतीनसाठी असलेला जुना शब्द ‘औट’ हा ‘अर्धचतुर्थ’पासून प्राकृत ‘अद्धुट्ठ’मार्गे आलेला. संतवाङ्मयात देहाला औट हातांचे माप दिले जाते तेव्हा हाच हिशेब तेथे चालू असतो. मोजण्याची ही रीत केवळ भारतीय नव्हे. रोमनांचे ‘सेस्टर्शियस’ हे नाणे मुळात अडीच ‘आस’चे होते आणि त्याचे नाव ‘सेमिस’ व ‘टर्शियस’ यांपासून, म्हणजे अक्षरशः ‘अर्धतृतीय’ या कल्पनेतून, आले. जर्मनमध्ये दीडसाठी ‘आंडरहाल्ब’सदृश घडणीचा ‘आंडर्टहाल्ब’ हा शब्द आहे, रशियनमध्ये ‘पोल्तोरा’. दोन्हींचा अर्थ ‘दुसरा अर्धा’. डॅनिश भाषेत पन्नासाला ‘हाल्व्ह्त्रेस’ म्हणतात, ते ‘अडीच विसा’चे संक्षिप्त रूप होय. संस्कृत, लॅटिन, जर्मॅनिक व स्लाव्ह या भाषांत पुढच्या पूर्णांकाकडे पाहून मागे मोजण्याची ही लकब आढळते, आणि शब्दव्युत्पत्तीपलीकडे जाऊन तिचा विचार होणे अगत्याचे आहे.

या शब्दांवर महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेने एक संपूर्ण मौखिक यंत्रणा उभारली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. सायंकाळच्या परवच्यात मुले ही कोष्टके घोकत. उत्तर भारतात सवैया, ड्योढ़ा, ढैया आणि साडेतिनाचा हूँठा होता. तमिळमध्ये ‘एण्सुवडि’ नावाच्या अंकलिपी होत्या आणि त्यांत विसांशाचा ‘मा’, ऐंशांशाचा ‘काणि’, तीनशेविसांशाचा ‘मुंदिरि’ अशी खाली खाली उतरत जाणारी नावे होती. या कोष्टकांना वापराच्या सूचना लागत नसत, कारण येथे साधन आणि संबोध्य एकच असे. घोकणारे मूलच पुढे कोष्टक होई. बाजारात तेरा शेर धान्य सव्वातीन आण्यांनी घेताना त्याला कोणतीही पुस्तिका उघडावी लागत नसे. या पद्धतीचे गुणगान करण्याची जी प्रथा पडली आहे तिच्यात जातीपातींनी कोणाला शाळेबाहेर ठेवले याचा विसर पडतो, हेही नोंदविले पाहिजे. सावकाराच्या वहीसमोर अंगठा उमटविणाऱ्याला औटकी येत नव्हती, आणि सावकाराला येत होती.

मात्र या शब्दांचे अर्थ जितके सरळ दिसतात तितके ते नाहीत. ‘सव्वा’ म्हणजे १.२५ असे कोष्टक केले तर ‘सव्वादोन’ कोठे बसवावयाचे? ते १.२५ आणि २ यांचा गुणाकारही नव्हे, बेरीजही नव्हे; तेथे ‘सव्वा’ म्हणजे निव्वळ पाव अधिक. पण ‘सव्वाशे’त तोच शब्द गुणक होतो आणि १२५ देतो, आणि ‘सव्वादोनशे’त आधी बेरीज व मग गुणाकार होऊन २२५ येतात. ‘पाऊणशे’ म्हणजे ७५, ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५. ‘साडे’ एकटा राहू शकत नाही आणि तीनच्या खाली उतरत नाही, कारण दीड आणि अडीच यांनी त्या जागा आधीच घेतल्या आहेत. शिवाय या शब्दांना भाव आहे. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (१८९९) वृद्ध वराचे वय ‘पाऊणशे’ म्हणून सांगितले जाते. शंभरातून काही तरी उणे आहे हे त्या शब्दात ऐकू येते, आणि म्हाताऱ्याची बाजू मांडणाऱ्याला नेमके तेच ऐकवावयाचे असते. तेथे ‘पंच्याहत्तर’ घातले तर हिशेब बरोबर राहतो, उपहास जातो.

दशांश अपूर्णांकांचा युरोपातील प्रसार सिमॉन स्टेविनच्या ‘दे थिएंदे’ (१५८५) या लहानशा डच पुस्तकाने झाला. त्याच वर्षी फ्रेंच रूप निघाले आणि १६०८ मध्ये रॉबर्ट नॉर्टनने ते इंग्रजीत आणले. पुस्तकाची अर्पणपत्रिका त्यातील गणितापेक्षा कमी महत्त्वाची नाही. ज्योतिषी, जमीन मोजणारे, गालिचे मोजणारे, मद्याची पिंपे मोजणारे, टांकसाळीचे अधिकारी आणि सर्व व्यापारी अशांना स्टेविन नमस्कार करतो. संबोध्याची इतकी नेमकी गणना त्याआधीच्या रूपांतर-संहितांत सापडणे कठीण. आणि हा माणूस वाचकाला फसवीत नाही. काही भागाकार दशांशात कधीच संपत नाहीत, तिनाने भागताना तीनच तीन येत राहतात, हे तो सांगतो. कामाला जितके जवळ जाणे आवश्यक असेल तितके जावे आणि उरलेले सोडून द्यावे, असेही सांगतो. बाबिलोनी कोष्टकाने सातापाशी मौन पाळले होते. स्टेविन बोलतो, आणि सोडून देण्याची जबाबदारी त्या त्या धंद्यातील जाणत्यावर टाकतो. गालिचेवाल्याने किती सोडावे आणि टांकसाळवाल्याने किती, हे ते दोघे जाणतात असा त्याचा भरवसा आहे.

भारतात हा भरवसा एका दिवसात साऱ्या जनतेवर टाकण्यात आला, तो १ एप्रिल १९५७ रोजी. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशेब्याण्णव पैंचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. तेवढे नाणे नाही. अर्धा किंवा त्याहून कमी भाग सोडावा आणि अर्ध्याहून अधिक असल्यास पूर्ण धरावा असा नियम झाला, आणि आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस असे रूपांतर ठरले. चार आण्यांचे पंचवीस मात्र बरोबर येतात. एकेक आणा करून सोळा वेळा रूपांतर केले तर रुपयाचे शहाण्णव पैसेच हाती येतात, आणि आधी आण्यांची बेरीज करून मग रूपांतर केले तर पूर्ण शंभर. क्रियांचा क्रम बदलला की चार पैसे नाहीसे होतात. ते कोणाच्या गल्ल्यात गेले हे कोष्टक सांगत नाही. ‘नवा’ हे विशेषण १९६४ मध्ये गळाले, पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. तरी ‘सोळा आणे खरे’ हा वाक्प्रचार टिकून आहे, आणि शेराचा अष्टमांश असलेले ‘नवटाक’ मुंबईच्या बोलीत दारूच्या मापात उरले आहे.

सोडून दिलेल्या शेषाचे एक अत्यंत गंभीर उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१चे आहे. त्या दिवशी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या एका बराकीवर इराकी स्कड क्षेपणास्त्र आदळले आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. त्याला अडविण्यासाठी असलेली ‘पेट्रियट’ यंत्रणा तेथे होती, पण तिने प्रतिकार केला नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने फेब्रुवारी १९९२ मध्ये दिलेल्या अहवालात कारण स्पष्ट झाले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होते आणि त्याचे सेकंद करताना एक दशांशाने गुणावे लागत होते. दहांत लिहिताना ०.१ हा अगदी निरुपद्रवी आकडा आहे. द्विमान पद्धतीत तो तृतीयांशासारखाच कधी संपत नाही. चोवीस अंकांच्या जागेत तो बसविताना शेपूट कापली गेली. प्रत्येक वेळची चूक एक कोटीव्या भागाहून थोडी कमी. यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिल्यावर ती सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत साचली, आणि येणारे क्षेपणास्त्र जेथे शोधावयाचे ती जागा ६८७ मीटर सरकली.

वाङ्मयाभ्यासकाच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट गणिती नाही. आठ तासांतच लक्षणीय सरक होते ही माहिती इस्राएलकडून ११ फेब्रुवारीला मिळाली होती. २१ फेब्रुवारीला वापरकर्त्यांना एक संदेश गेला. यंत्रणा फार काळ सलग चालविली तर सरक पडू शकते, असे त्यात होते. ‘फार काळ’ म्हणजे किती तास, हे त्यात नव्हते. दुरुस्त केलेला कार्यक्रम धाहरानला पोचला तो २६ फेब्रुवारीला. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा असे धरले की वाचकाला ‘फार’ म्हणजे किती ते कळेल, जसे गालिचेवाल्याला कळत असे. पण यंत्रापाशी बसलेल्या शिपायाला आतील दशांशाची खबर नव्हती. त्याच्यापाशी फक्त एक क्रियाविशेषण होते.

त्यानंतरच्या संगणकीय दस्तऐवजीकरणात एक सावध स्वर आढळतो. त्याचा या एका घटनेशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही, तरी स्वर ऐकण्याजोगा आहे. ‘पायथन’ या संगणकभाषेत २००८ मध्ये अपूर्णांकांचे एक स्वतंत्र साधन आले. त्याच्या पुस्तिकेत वाचकाला एक चकित करणारे उदाहरण दाखविले आहे. १.१ हा आकडा अवतरणचिन्हांत, म्हणजे अक्षरांच्या रूपात दिला तर अकरा दशांश असे उत्तर मिळते. तोच आकडा अवतरणाविना दिला तर २४७६९७९७९५०५३७७३ भागिले २२५१७९९८१३६८५२४८ असा अजस्र अपूर्णांक मिळतो. दुसरे उत्तर चूक नाही. यंत्राने जो आकडा खरोखर साठविला होता त्याचे ते प्रामाणिक रूप आहे. पहिले उत्तर माणसाने जे लिहिले त्याचे रूप आहे. पुस्तिका दोन्ही शेजारी ठेवते. पुढे छेदाला कमाल मर्यादा घालून जवळचा साधा अपूर्णांक शोधण्याची सोय दिली आहे आणि तिच्या उदाहरणात ३५५ भागिले ११३ अवतरतो, पाचव्या शतकातील चिनी गणिती त्झू छुंगची याचे गुणोत्तर. सूक्ष्म आणि स्थूल यांच्या मधली मर्यादा आता वापरणारा स्वतः आकड्याने सांगतो.

या पार्श्वभूमीवर एजंटासाठी लिहिलेल्या वर्णनाकडे पाहावे. आहमोसचा शिकाऊ पडताळा घेत असे, भास्कराचार्यांचा वत्स गुरूला विचारू शकत असे, स्टेविनचा पिंपवाला आपले पिंप ओळखत असे. या नव्या संबोध्याला पाव खावा लागत नाही. त्याला दिलेल्या ओळींत जे नाही ते तो इतरत्र वाचलेल्या मजकुरावरून भरून काढतो, आणि भरून काढलेले व दिलेले यांतील फरक उत्तरात दिसत नाही. म्हणून ०.३३ आल्यास ते शंभरांतील तेहेतीस मानावयाचे की एक तृतीयांश, हे वर्णनानेच सांगितले पाहिजे. ‘१ ३/४’ मधील मोकळी जागा गळाली तर तेरा चतुर्थांश होतात, हेही सांगितले पाहिजे. याहून कपटी एक प्रकार आहे. युनिकोडमध्ये अर्ध्यासाठी एकच जोडचिन्ह आहे. मजकुराचे सामान्यीकरण करताना ते चिन्ह सुटे होऊन एक, तिरपी रेघ, दोन असे होते. त्याच्या आधी पूर्णांक १ असेल तर दीडचे अकरा द्वितीयांश, म्हणजे साडेपाच, होतात. ही विकृती कोणी केलेली नसते आणि ती कोठे नोंदलीही जात नाही.

मराठीपुरता प्रश्न अधिक बिकट आहे, कारण आपली जुनी लेखनपद्धती यंत्राला सहज फसवू शकते. सव्वातीनसाठी ‘३।’, साडेतीनसाठी ‘३॥’, पावणेचारसाठी ‘३॥।’ असे दंड मोडी व बालबोध दप्तरांत लिहिले जात. तेच दंड पोथीत वाक्य किंवा श्लोक संपल्याची खूण होते. माणूस वहीचा रकाना पाहून ठरवितो. यंत्राला रकाना दिसेलच असे नाही. युनिकोडने २००९ मध्ये उत्तर भारतीय अपूर्णांकचिन्हांना स्वतंत्र स्थाने दिली, त्यांत पाव, अर्धा, पाऊण, सोळांश, अष्टमांश यांची चिन्हे आहेत आणि प्रत्येकाचे अंकमूल्यही नोंदलेले आहे. मोडी लिपीला २०१४ मध्ये जागा मिळाली, तमिळच्या जुन्या अपूर्णांकांना मुंदिरिपर्यंत २०१९ मध्ये. स्थाने मिळाली म्हणजे आधी साध्या दंडांनी टंकलेले मजकूर आपोआप दुरुस्त झाले असे नव्हे. पेशवेकालीन हिशेबाची एखादी ओळ यंत्राकरवी वाचून घेताना साडेतीन खंडींचे तीन खंडी झाले तर त्या चुकीवर पुढे एखादा शोधनिबंध उभा राहील, आणि त्या निबंधात अर्धी खंडी कोठे गेली याचा मागमूस नसेल.

अशा साधनाचे मराठी वर्णन लिहावयाचे झाल्यास आरंभी ‘लीलावती’प्रमाणे परिभाषा हवी. सव्वा, पाऊण, दीड, अडीच, साडे यांचे मूल्य सुटे असताना काय, पूर्णांकापूर्वी काय, शंभर-हजारापूर्वी काय, हे तीनही वेगळे द्यावे लागतील. रुपये-आणे-पै असतील तर काळ विचारावा लागेल. दंडाचा अर्थ संदर्भाविना ठरवू नये, अशी स्पष्ट मनाई घालावी लागेल. आणि उदाहरणांत एक घड्याळाचे घ्यावे लागेल. ‘पाऊण तास झाला’ म्हणजे पंचेचाळीस मिनिटे गेली. ‘पाऊण वाजला’ म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली, एक वाजायला पंधरा मिनिटे उरली.